ट्रॉलीचं शेपूट हलणं असं थांबलं

सोयाबीन घेऊन हिंगणघाटच्या बाजार समितीकडे जाताना आमची दोनचाकी ट्रॉली उतारावर मागून डोलायची. गॅरेजवाल्यानं टायर बदलायला सांगितले. पण टायर चांगले होते, हवाही बरोबर होती.

म्हणून ट्रॅक्टर वजनकाट्यावर नेला. आधी नुसता ट्रॅक्टर तोलला. मग भरलेली ट्रॉली जोडून फक्त ट्रॅक्टरच काट्यावर ठेवला, ट्रॉलीची चाकं बाहेर. दोन वजनांतला फरक म्हणजे हुकावर पडणारा भार. तो जवळपास शून्य निघाला! पोती मागून चढवायची सोय, म्हणून हमाल थप्पी मागेच लावत. वजन धुरीच्या (चाकांच्या अ‍ॅक्सलच्या) मागे गेलं की ट्रॉलीची दांडी हूक वर उचलते आणि ट्रॉली झोके घेते. आता थप्पी धुरीच्या किंचित पुढे लागते, डोलणं बंद झालं. फार पुढेही नको, चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात अन् स्टिअरिंग ऐकत नाही. कापसाला हे तितकं जाणवत नाही, तो फुगतो पण हलका.

कास्तकार भावांनो, ट्रॉलीच्या आरसी बुकातलं भरलेलं वजन एकदा वाचाच. जास्त भरलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये दंड, वर दर जादा टनाला २,०००, आणि जादा माल तिथंच उतरवावा लागतो.

लायसनचं म्हणाल तर हलक्या वाहनाची मर्यादा ७,५०० किलो. ट्रॅक्टरचं त्यात रिकामं वजन धरतात.