काडीवरचा लाडू : घरच्या घरी केक पॉप

केक पॉप म्हणजे केकचा चुरा लोणी-साखरेच्या मिश्रणात बांधून वळलेला आणि काडीला लावून चॉकलेटमध्ये बुडवलेला लाडू. पाककृतींत त्याचे वर्णन असे केलेले नसते. तेथे साच्यांची आणि शोभेच्या रंगीत गोळ्यांचीच चर्चा अधिक असते. परंतु ज्या घरात दिवाळीला बेसनाचे आणि रव्याचे लाडू वळले जातात, त्या घरातील कोणालाही या पदार्थाची अर्धी विद्या आधीच येत असते. उरलेली अर्धी म्हणजे चॉकलेटचे तापमान, आणि ते कोल्हापूरच्या हवेत मे महिन्यात एका तऱ्हेने व जुलैमध्ये दुसऱ्या तऱ्हेने सांभाळावे लागते. बाजारात गोल खाचांचे केक पॉप मेकरही मिळतात व त्यात थेट केकचे गोळे भाजून निघतात. मात्र तो पदार्थ निराळा असतो, आतून कोरडा लागतो आणि त्यासाठी वेगळे यंत्र घ्यावे असे मला कधी वाटले नाही.

कृती दोन दिवसांत विभागून करावी. पहिल्या दिवशी केक भाजून ठेवावा, दुसऱ्या दिवशी बाकीचे काम उरकावे. साधारण २० ते २२ केक पॉपसाठी १५० ग्रॅम मैदा, १२० ग्रॅम गूळ, १२० ग्रॅम ताजे घट्ट दही, ६० मिलिलीटर बिनवासाचे तेल, ४० मिलिलीटर दूध, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ आणि थोडी वेलदोड्याची पूड लागते. साखरेचा केकही चालतो, परंतु कोल्हापुरात राहून गुळाचा केक करून पाहिला नाही तर तो करणार कुठे? शिवाय गुळाच्या केकला अंगचाच ओलावा अधिक असतो आणि वरच्या गडद चॉकलेटशी त्याची चव साखरेच्या केकपेक्षा चांगली जुळते.

कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी ढेपेढेपेत फरक असतोच. म्हणून मार्केट यार्डातून आणा किंवा लक्ष्मीपुरीतून, गुळाचा खडा तोंडात टाकून पाहिल्याशिवाय तो केकसाठी घेऊ नये. काही गूळ खारट असतो. तो आमटीत खपून जातो, केकमध्ये मात्र लगेच उघडा पडतो. अगदी पिवळाधमक गूळच हवा असा आग्रह येथे नसावा. तांबूस गुळाने केकला रंगही येतो आणि खमंगपणाही. गूळ बारीक चिरून ६० मिलिलीटर कोमट पाण्यात विरघळवावा आणि चहाच्या गाळणीतून गाळून घ्यावा. गाळणीत उसाची एखादी चोयटी किंवा बारीक कचकच हमखास सापडते. हे पाणी पूर्ण निवल्यावरच त्यात दूध घालावे, कारण गरम गुळाने दूध फाटते. आणि आपल्याकडच्या म्हशीच्या दाट दुधात तो चोथा जरा जास्तच नजरेत भरतो.

गुळाच्या पाण्यात दही, दूध आणि तेल एकजीव करावे. मैदा, बेकिंग पावडर, सोडा, मीठ आणि वेलदोडा दोनदा चाळून त्यात मिसळावे आणि कोरडे पीठ दिसेनासे होताच ढवळणे थांबवावे. गूळ आणि दही या दोहोंच्या आंबटपणामुळे सोडा लगेच काम करू लागतो, म्हणून मिश्रण तयार होण्याआधीच भट्टी तापलेली असावी. केक अधिक फुलावा या हौसेने सोडा वाढवू नये. जास्तीच्या सोड्याने साबणासारखी चव येते आणि ती नंतर कशानेही झाकली जात नाही. १८ सेंटिमीटरच्या भांड्याला तेल-मैद्याचा हात फिरवून केक १८० अंश सेल्सिअसवर २५ ते ३० मिनिटे भाजावा. ओव्हन नसेल तर कुकरची शिट्टी आणि रबर काढून, तळाशी मिठाचा थर देऊन त्यावर जाळी ठेवावी, १० मिनिटे कुकर तापवावा आणि मग मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटे केक होऊ द्यावा. मध्यभागी खोचलेली सुरी कोरडी निघाली की केक झाला. तो फुगला कमी किंवा मधे थोडा बसला तरी जिवाला लावून घेऊ नये. शेवटी त्याचा चुराच करायचा आहे. निवल्यावर डब्यात झाकून रात्रभर ठेवावा.

दुसऱ्या दिवशी केकच्या कडक कडा कापून बाजूला काढाव्यात, कारण त्यांचे तुकडे गोळ्यात खड्यासारखे लागतात. बाकीचा केक बोटांनी चोळून रव्यासारखा करावा. मिक्सरचा मोह टाळावा. त्यात चुरा गरम होऊन लगद्यासारखा चिकट होतो. येथून पुढे सर्वांत महत्त्वाचा टप्पा सुरू होतो, तो म्हणजे बांधणीचा.

बांधणीसाठी ५० ग्रॅम बिनमिठाचे लोणी, ६० ग्रॅम आयसिंग शुगर आणि एक छोटा चमचा दूध फेसून मऊ मलम करून घ्यावे. घरी कढवण्यासाठी काढलेले पांढरे लोणी वापरायचे असेल, तर ते दोन-तीन पाण्यांतून धुऊन पाणी नीट निथळू द्यावे, अन्यथा ताकाचा आंबूसपणा आणि पाणी दोन्ही गोळ्यात उतरतात. लाडू तुपाने बांधला जातो, मग केक पॉप तुपाने का नको, हा प्रश्न रास्त आहे. मी तोही प्रयोग केला आहे. तूप फ्रिजमध्ये रवाळ गोठते, गोळा खाताना टाळूला मेणचट लेप बसतो आणि केकची चव मागे पडते. कंडेन्स्ड मिल्कने बांधणी सोपी होते, पण गोळा फार गोड आणि बिलबिलीत होतो.

हे मलम किती घालायचे, यावर सगळे अवलंबून आहे. मी पहिल्यांदा केक पॉप केले ते भाचीच्या वाढदिवसाला, भर मे महिन्यात. पाककृतीत लिहिलेले सगळे मलम मी एकदम चुऱ्यात ओतले. गोळे दिसायला गुळगुळीत आणि देखणे झाले, चॉकलेटही छान बसले. पण पाहुणे येईपर्यंत एकेक गोळा काडीवरून सावकाश खाली घसरू लागला आणि काडीचे टोक वरून बाहेर आले. सासूबाईंनी ताटाकडे पाहून एवढेच विचारले, “लाडवात तूप असं बदाबदा ओततंय व्हय कोण?” त्यांनी आयुष्यात केक पॉप पाहिलेला नव्हता, पण दोष अचूक ओळखला होता. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळते आणि कोल्हापुरात मे महिन्यातील दुपार त्याच्या वरची असते. तेव्हा चुऱ्यात जितके लोणी जास्त, तितका गोळा उन्हाळ्यात हतबल होतो.

म्हणून निम्मे मलम आधी घालून चुरा हलक्या हाताने कालवावा आणि पुढे एकेक चमचा वाढवत जावे. परीक्षा लाडवाचीच आहे. मूठभर मिश्रण दाबले असता मूठ वळली पाहिजे, तळव्याला तेलकट चकाकी राहता कामा नये आणि अंगठ्याने ढकलल्यावर मुटका दोन-तीन तुकड्यांत फुटला पाहिजे, पीठ होऊन भुगभुगीत पडता कामा नये. मुटका फुटण्याऐवजी कणकेसारखा दबला, तर मलम जास्त झाले. अशा वेळी बाजूला काढलेल्या कडा बारीक कुस्करून त्यात मिसळाव्यात. केक ओलसर असेल तर सगळे मलम संपतही नाही, आणि ते संपवायचेच असा काही नियम नाही.

प्रत्येक गोळा काट्यावर तोलून २५ ग्रॅमचा घ्यावा. त्याहून मोठा गोळा काडीला पेलत नाही. गोळा आधी मुठीत घट्ट दाबावा आणि नंतर दोन तळव्यांत फिरवावा. नुसताच फिरवला तर आत पोकळी राहते आणि काडी खोचताना तो उकलतो. वळलेले गोळे झाकून फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवावेत. घाई असल्यास फ्रीझरमध्ये १० मिनिटे पुरतात, त्याहून अधिक वेळ मात्र ठेवू नयेत. गोठलेला गोळा चॉकलेटच्या कवचाच्या आत हळूहळू तापून प्रसरण पावतो, तर बाहेरचे कवच गारव्याने झटकन आवळलेले असते. या ओढाताणीत कवचाला तडा जातो.

चॉकलेट दोन प्रकारचे मिळते. अस्सल चॉकलेटमध्ये कोको बटर असते आणि त्याला चकाकी व टणकपणा यावा म्हणून ते ठरावीक तापमानांतून न्यावे लागते. गडद चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवून, २७-२८ अंशांपर्यंत उतरवून, पुन्हा ३१-३२ अंशांवर आणावे लागते, ज्याला टेंपरिंग म्हणतात. उन्हाळ्यात ज्या स्वयंपाकघराचेच तापमान ३५ अंश असते, तेथे हा खटाटोप करू नये. कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य स्निग्धता असते. ते नुसते वितळवून वापरता येते आणि आपल्या हवेत अधिक टिकते. चवीत ते डावे आहे, हे मान्य करूनही मी या कामासाठी तेच सुचवीन. गडद कंपाउंडचे ४०० ग्रॅम घ्यावे. सगळे संपणार नाही, पण बुडवण्यासाठी भांड्यात खोली राहिली पाहिजे.

चॉकलेट चिरून कोरड्या वाडग्यात घ्यावे आणि तो वाडगा मंद वाफेवर, खालच्या पाण्याला त्याचा तळ टेकणार नाही असा धरावा. पाण्याचा एक थेंबदेखील आत गेला, तर साखर व कोको पाण्याने एकमेकांना चिकटून चॉकलेटचा घट्ट, रवाळ गोळा होतो आणि तो बुडवण्याच्या कामाचा राहत नाही. याच कारणाने नेहमीचे पाण्यातले खाद्यरंगही चॉकलेटमध्ये चालत नाहीत. पांढरे कंपाउंड रंगवायचे असल्यास तेलात मिसळणारे रंगच आणावेत. वितळलेले चॉकलेट दाट वाटले, तर दोन छोटे चमचे खोबरेल, अर्थात खाण्याचे, घालून सैल करावे. ते चमच्यावरून अखंड धारेने पडले पाहिजे आणि बोटाला कोमट लागले पाहिजे, म्हणजे साधारण ४० अंश.

आता काड्या. कागदी लॉलीपॉपच्या काड्या बेकरीचे सामान मिळते तेथे मिळतात. आइस्क्रीमची चपटी काडी गोळा चिरते, म्हणून ती नको. काडीचे टोक एक-दीड सेंटिमीटर चॉकलेटमध्ये बुडवून गोळ्यात निम्म्याच्या किंचित पुढपर्यंत सरळ खोचावे आणि गोळे पुन्हा पाच मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावेत. ही चॉकलेटची कडी गोठली की काडी गोळ्याला पक्की धरते. हा टप्पा गाळणाऱ्याचा निम्मा माल बुडवताना वाडग्यात पडतो.

बुडवण्यासाठी पसरट वाडगा नको, अरुंद आणि उंच फुलपात्र घ्यावे. चॉकलेट त्यात ओतून गोळा सरळ खाली, काडीच्या मुळापर्यंत न्यावा आणि त्याच रेषेत वर काढावा. आत ढवळू नये. मग फुलपात्राच्या वरच, काडी उजव्या हातात किंचित तिरकी धरून त्या हाताच्या मनगटावर डाव्या मुठीने हलकेच टिचक्या माराव्यात. गोळ्यावर आघात नको, मनगटावर हवा. जास्तीचे चॉकलेट एका बाजूने ओघळू लागते. काडी दोन बोटांत सावकाश फिरवत राहिल्यास आवरण सगळीकडे सारखे बसते. काडीच्या मुळाशी फट राहिली असेल तर ती काडीपेटीच्या काडीएवढ्या चॉकलेटने बुजवावी, नाहीतर दुसऱ्या दिवशी तेथूनच तेल पाझरते. गार गोळ्यावर कवच मिनिट-दोन मिनिटांत धरते, म्हणून भाजलेले तीळ, काजूची भरड किंवा रंगीत बडीशेप जे काही लावायचे ते तत्क्षणी लावावे. दुकानातल्या शोभेच्या गोळ्यांपेक्षा मला बडीशेप आवडते; गुळाच्या केकवर तिचा स्वाद खुलतो.

वाळण्यासाठी पॉप उभे रोवावे लागतात. पालथी घातलेली मोठ्या भोकांची चाळण किंवा अर्धा कापलेला कोबी यावर काम भागते. फुलपात्रातील चॉकलेट मधेच दाट झाले तर पुन्हा वाफेवर धरावे. दाटसर चॉकलेट ओढून वापरल्यास आवरण जाड बसते आणि त्याच्या वजनानेच गोळा सुटतो.

तयार पॉप हिवाळ्यात दोन दिवस बाहेर राहतात. उन्हाळ्यात ते हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवावेत आणि चार-पाच दिवसांत संपवावेत. पावसाळ्यात निराळी काळजी घ्यावी लागते. जुलैतील ओल्या हवेत फ्रिजमधून काढलेल्या पॉपवर लगेच पाणी धरते, चॉकलेटची चकाकी जाते आणि बडीशेपेचा रंग ओघळतो. त्यावर उपाय एवढाच, की डबा न उघडता अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवावा, म्हणजे पाणी डब्याच्या बाहेरच्या अंगाला धरते.

फुलपात्राच्या तळाशी उरलेल्या चॉकलेटमध्ये केकचे कण मिसळलेले असतात, म्हणून ते पुढच्या खेपेसाठी ठेवू नये. त्यात भाजून सोललेले शेंगदाणे कालवून चमच्याचमच्याने तेल लावलेल्या ताटलीत थापावेत. पॉप वाळेपर्यंत मुलांना गप्प बसवायला ते पुरतात.