सॉल्ट ॲनालिसिस: या चुका टाळा, आणि माझाही जीव वाचवा

सॉल्ट ॲनालिसिस म्हणजे दिलेल्या अनोळखी सॉल्टमध्ये (क्षारात) काय काय आहे ते टेस्ट करून शोधणं. त्याच्या प्रॅक्टिकलच्या दिवसांत आमच्या लॅबमध्ये दर दहा मिनिटांनी हाक येते, "सर, आला की पीपीटी!" जाऊन बघावं तर ट्यूब गळ्यापर्यंत भरलेली, आत काहीतरी पांढुरकं, आणि जर्नलमध्ये 'क्लोराइड कन्फर्म्ड' लिहून शाईसुद्धा वाळलेली. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात गेली २२ वर्षं हेच बघतोय. पोरं बदलतात, चुका त्याच. पीपीटी म्हणजे प्रेसिपिटेट, द्रावणात तयार होणारा न विरघळणारा घन पदार्थ. पुस्तकात त्याला अवक्षेप म्हणतात. लॅबमध्ये तो शब्द कुणाच्या तोंडात नाही, म्हणून मीही पीपीटीच म्हणणार.

पाणी कुठलं आहे ते आधी बघा

काही वर्षांपूर्वी आमच्या डिस्टिलेशन प्लांटची कॉइल जळाली. तात्पुरतं म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी कॅनने आणत होतो. एका सकाळी बॅच सुरू झाली आणि तासाभरात वीसच्या वीस पोरांना क्लोराइड सापडलं. मी स्वतः सॉल्ट वाटलेली, एकातही क्लोराइड नव्हतं. कुणाला झिंक सल्फेट, कुणाला मॅग्नेशियम सल्फेट, खिडकीजवळच्या एकाला लेड नायट्रेट. तो तर हटूनच बसला, "सर, डायल्यूट नायट्रिक घातलं, सिल्व्हर नायट्रेट घातलं, पांढरं झालं. मग क्लोराइड नव्हं तर काय?" मी त्याच्यावरच खेकसलो. ट्यूब नीट विसळली नसशील म्हणालो. त्याने माझ्यासमोर पुन्हा केलं. पुन्हा पांढरं.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. सॉल्ट न घालता नुसतंच कॅनमधलं पाणी ट्यूबमध्ये घेतलं, नायट्रिकचे दोन थेंब, सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. दुधाळ! लॅबच्या मामांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "कॅन संपलेला, सर. नळाचं भरलंय. पिण्याचं पाणी हाय, स्वच्छ हाय की." मामांना काय बोलणार? कॅनवर 'डिस्टिल्ड वॉटर' अशी चिठ्ठी होती आणि मी ती चिठ्ठी वाचून समाधान मानलं होतं. पिण्याच्या पाण्यात क्लोराइड असतंच. सिल्व्हर क्लोराइड पाण्यात इतकं कमी विरघळतं की तेवढंही पुरतं. पोराची दुसऱ्या दिवशी माफी मागितली.

तेव्हापासून सकाळी लॅब उघडली की पहिलं काम हेच, कॅनमधल्या पाण्याची ब्लँक टेस्ट, म्हणजे सॉल्ट न घालता केलेली तीच टेस्ट. पोरांनाही करायला लावतो, कुरकुरले तरी. ट्यूब शेवटी डिस्टिल्डनेच विसळायची. नळाखाली धुऊन झटकली म्हणजे ती स्वच्छ झाली नाही.

अजून एक गोष्ट त्या दिवशी पोराच्या लक्षात यायला हवी होती, आणि माझ्याही. सॉल्टमध्ये खरंच क्लोराइड असेल तर पीपीटी दह्यासारखा फुटतो, गुठळ्या होतात, आणि अमोनिया घातल्यावर विरघळून जातो. नुसतं दुधाळ दिसलं की शंका घ्या. ब्रोमाइडचा पीपीटी फिकट पिवळा असतो आणि अमोनियात जेमतेम विरघळतो. आयोडाइडचा पिवळा, तो अमोनियाला दाद देत नाही. आणि हो, सिल्व्हर नायट्रेट म्हणजे चांदी. चांदीच्या दागिन्यांच्या हुपरी गावातल्या पोराला हे सांगावं लागत नाही, तो थेंब मोजून टाकतो. बाकीचे बाटली उपडी करतात.

शिशाला वेळ द्या

माझी दुसरी डोकेदुखी. सॉल्टमधले धातू आम्ही ग्रुप-ग्रुपने, ठरलेल्या क्रमाने शोधतो. पहिल्या ग्रुपमध्ये डायल्यूट एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड) घातलं, काही दिसलं नाही, 'फर्स्ट ग्रुप ॲबसेंट'. पुढे दुसऱ्या ग्रुपला एच-टू-एस (हायड्रोजन सल्फाइड वायू) सोडला, काळाकुट्ट पीपीटी. लगेच 'कॉपर'. सॉल्ट पांढरं, सोल्यूशन पाण्यासारखं, आणि म्हणे कॉपर! एक हुशार म्हणाला, निर्जल कॉपर सल्फेट पांढरं असतं. असतं बाबा, पण पाण्यात पडताच निळं होतं.

तो काळा पीपीटी लेड सल्फाइडचा, लेड म्हणजे शिसं. लेड क्लोराइड हा अर्धवट पीपीटी आहे. १०० मिली पाण्यात २० अंशांना साधारण १ ग्रॅम विरघळतो, उकळत्या पाण्यात ३ ग्रॅमच्या वर. तुम्ही सॉल्ट विरघळावं म्हणून सोल्यूशन गरम करता, त्या गरम ट्यूबमध्येच एचसीएल ओतता, मग पीपीटी येणार कसा? कॉन्सन्ट्रेटेड ॲसिड भरपूर ओतलंत तर आलेलाही परत विरघळतो.

माझी पद्धत अगदी गावठी आहे. ट्यूब बाहेरून नळाखाली गार करा, काचेच्या कांडीने आतून भिंत घासा, मग पेन खाली ठेवून शंभरपर्यंत आकडे म्हणा. पेन हातात असला की पोरं लिहितातच. पीपीटी गाळला की खालच्या नितळ पाण्यात एचसीएलचा अजून एक थेंब टाका. गढूळ झालं तर तुमचं काम संपलेलं नाही. आपल्याकडे गुऱ्हाळात भेंडीचं पाणी घालून मळी वर आणतात आणि ती काढत राहतात, मगच गुळाचा विचार. मळी ठेवून पुढे गेलं तर गूळ काळा होतो. इथेही तसंच. त्यातूनही थोडं शिसं दुसऱ्या ग्रुपमध्ये जाणारच, ते गृहीत धरा.

कन्फर्मेटरीला, म्हणजे शिशाची खात्री करायच्या टेस्टला, पोटॅशियम आयोडाइड घाला. पिवळा पीपीटी येईल. तो गरम पाण्यात विरघळवा आणि ट्यूब तशीच निवू द्या. सोनेरी चकत्या चमकत खाली येतात. रसायनशास्त्र न आवडणारं पोरगंही त्या वेळी मोबाइल काढतं.

बाकीच्या, थोडक्यात

क्लोराइडच्या टेस्टला ॲसिड म्हणून एचसीएल वापरणारे दरवर्षी एक-दोन निघतातच. स्वतःच क्लोराइड टाकायचं आणि स्वतःच शोधायचं.

बेरियम क्लोराइड घालून पांढरं आलं म्हणजे सल्फेट नव्हे. कार्बोनेटही पांढरं देतं. डायल्यूट एचसीएल घाला, राहिलं तर सल्फेट. आणि सॉल्ट शिशाचं असेल तर बेरियम क्लोराइडला हातच लावू नका, लेड क्लोराइडच पडतं. बेरियम नायट्रेट घ्या.

कॉपरला अमोनिया थेंबाथेंबाने. आधी फिकट निळा पीपीटी, जास्त झाल्यावर गडद निळं सोल्यूशन. एकदम ओतणाऱ्याला पहिली पायरी दिसतच नाही, तरी तो जर्नलमध्ये ती लिहितो. कुठून, ते मला माहीत आहे.

अमोनियाच्या आधी अमोनियम क्लोराइड न घालणारे व्हायवात कॉमन आयन इफेक्ट (अमोनियम क्लोराइडमुळे अमोनियाचा जोर कमी होतो, तो) धडाधडा म्हणून दाखवतात. मग मॅग्नेशियमचा हायड्रॉक्साइड ॲल्युमिनियमच्या ग्रुपमध्ये पडला की माझ्याकडे बघत बसतात.

लोखंडासाठी कॉन्सन्ट्रेटेड नायट्रिकचे थेंब घालून उकळायचं, पण त्याआधी एच-टू-एस पुरता उकळून घालवा. नाहीतर गंधक सुटतं, आणि त्या पांढुरक्या गढूळपणालाही कुणीतरी ॲल्युमिनियम म्हणतं.

ॲल्युमिनियमचा खरा पीपीटी साबुदाण्याच्या पेजेसारखा, जवळजवळ पारदर्शक. ट्यूबलाइटकडे धरून तो दिसत नाही. मी ट्यूबमागे जर्नलचं काळं कव्हर धरतो.

शेवटी मॅग्नेशियम. त्याची पाळी येते तेव्हा घड्याळात पाच मिनिटं उरलेली असतात. डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट घातलं की पीपीटी हळूहळू येतो, कधी फारच हळू. तोवर ट्यूब बेसिनमध्ये रिकामी झालेली असते. गेल्याच आठवड्यात एकाला मी ट्यूब स्टँडमध्ये तशीच ठेवायला लावली. डबा खाऊन आलो तर तळाला पांढरे कण बसले होते. पोरगं 'मॅग्नेशियम ॲबसेंट' लिहून सहीच्या रांगेत उभं होतं.