नव्या स्वयंपाकघरात परवडणारी ऊब: काय निवडावं, कसं बसवावं

हीटर निवडण्याआधी खोलीला किती वॅट लागतील ते काढा. भिंती-छताला इन्सुलेशन आणि खिडकीला दुहेरी काच असेल तर चौरस मीटरमागे ६० ते ८० वॅट धरा, नसेल तर १०० ते १५०. म्हणजे १२ चौरस मीटरच्या नीट झाकलेल्या स्वयंपाकघराला साधारण ८५० वॅट पुरतात. त्याआधी खिडकीच्या चौकटीभोवतीच्या आणि नळाच्या पाइपांभोवतीच्या फटी बुजवा. हे सगळ्यात स्वस्त काम आहे आणि नेमकं तेच राहून जातं.

आता खर्च. १ किलोवॅटचा साधा हीटर ४ तास चालला की ४ युनिट जातात, मग तो पंख्याचा असो, तेलाचा असो वा इन्फ्रारेड. गरम हवा देणारा इन्व्हर्टर एसी, थंडी कडाक्याची नसेल तर, तेवढीच ऊब दीडेक युनिटात देतो. त्यामुळे खोली दिवसभर वापरात असेल तर एसीची जास्त किंमत वसूल होते. सकाळी तासभरच ऊब हवी असेल तर होत नाही. एसी शेगडीपासून लांब लावा, नाहीतर तेलकट वाफेने जाळी लवकर चिकटते.

फरशी उखडलेलीच असेल तर खालून तापवणारी विजेची मॅट घालायची हीच वेळ. पण ती फक्त मोकळ्या जागेत, कॅबिनेटखाली अजिबात नाही. तिथे उष्णता कोंडून केबल जळते. कॅबिनेट वगळून ५ चौरस मीटर उरले, तर चौरस मीटरमागे १५० वॅटच्या मॅटने ७५० वॅट मिळतील. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या खोलीला थोडे कमीच, सोबत छोटा हीटर लागेल. मॅटखाली ६ ते १० मिलिमीटरचा इन्सुलेशन बोर्ड घाला, नाहीतर बरीच ऊब स्लॅब पितो.

मॅट वळवताना केबल जिच्यावर बसवलेली असते ती जाळीच फक्त कापा, केबल कधीच नाही. मल्टीमीटरने रोध तीनदा मोजा: खोक्यातून काढल्यावर, अंथरल्यावर, टाइल बसल्यावर. २३० व्होल्टवर ७५० वॅटच्या मॅटचा रोध ७० ओहमच्या आसपास येतो. आकडा हलला तर केबल दुखावली आहे, आणि टाइल सुकायच्या आत कळलं तर बरं. फरशीचं तापमान मोजणारा सेन्सर केबलच्या दोन वेटोळ्यांच्या मधोमध, नळीतून सोडा, म्हणजे बिघडल्यास फरशी न फोडता बदलता येतो. जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून, ३० मिलिअँपच्या आरसीसीबीवर (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच). अ‍ॅधेसिव्ह पूर्ण सुकेपर्यंत मॅट चालू करू नका. घाईने टाइल पोकळ वाजू लागतात.

फरशी शाबूत ठेवून फक्त कॅबिनेट बदलत असाल, तर त्यांच्या खालच्या पट्टीत, म्हणजे स्कर्टिंगमध्ये, बसणारा पंख्याचा हीटर बरा. भिंत अडत नाही. सर्व्हिसिंगसाठी ती पट्टी निघेल अशी ठेवा, कारण पात्यांत धूळ साचतेच.

गॅसची शेगडी मात्र ऊब घेण्यासाठी पेटवू नका. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला ना वास ना रंग.