वानखेडेवर रात्रीची मॅच, पुण्याहून एका दिवसात

आयपीएलची साडेसातची मॅच संपायला अकरा-साडेअकरा होतात, त्यामुळे आधी परतीचं ठरवा. संध्याकाळच्या डेक्कन क्वीनचा उपयोग नाही, ती पाच वाजून दहा मिनिटांनीच सुटते. दादरहून मध्यरात्रीनंतरची बस आधीच बुक केलेली बरी. सुपर ओव्हरचा विचार करून वेळेत थोडी सवड ठेवा.

मॅचनंतर मरीन लाइन्सकडे धावू नका. लोकल चर्चगेटहून सुटते, त्यामुळे चढायला जागा मिळाली तर तिथेच. पुढच्या स्टेशनवर गाडी भरूनच येते. येतानाच रिटर्न तिकीट काढून ठेवा, रात्री खिडकीवर उभं राहणं म्हणजे शिक्षाच.

स्टेडियममध्ये बॅग, पाण्याची बाटली, पॉवर बँक सहसा सोडत नाहीत, आणि गेटवर सामान ठेवायची सोय गृहीत धरू नका. सकाळच्या गाडीने आलात तर सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये बॅग ठेवता येते. तिला कुलूप मात्र हवं. पण रात्री ती घ्यायला उलटं जावं लागतं, म्हणून खरं तर रिकाम्या हातानेच या. दुपारी के. रुस्तमचं आइस्क्रीम सँडविच खा, ब्रेबॉर्न स्टेडियमला लागूनच आहे.