नागपूरचा नकाशा रत्नागिरीत नको: घर बांधताना या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत रत्नागिरीजवळच्या एका नव्या घरी गेलो होतो. पश्चिमेच्या बेडरूममध्ये स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये पाणी तुडुंब भरलेलं आणि त्यावर पिळून पिळून विरलेला एक टॉवेल अंथरलेला. कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवलं होतं. मागे डोकावलं तर गुडघ्याच्या उंचीपर्यंत हिरवट-काळी बुरशी चढलेली. घरच्या काकू म्हणाल्या, "दोनदा रंग दिला हो, पावसाळा आला की परत तेच."

नकाशा कुठून आणला, असं विचारलं. थोरल्या दिरांचं नागपूरचं घर सगळ्यांना आवडलं होतं, म्हणून तोच नकाशा इथे उभा केला होता. पुढच्या मे महिन्यात कामानिमित्त नागपूरला गेलो, तेव्हा ते घरही पाहून आलो. रात्री अकरा वाजता वरच्या मजल्यावर स्टुलावर चढून स्लॅबला खालून तळवा लावला. नुकत्याच उतरवलेल्या दुधाच्या पातेल्याला हात लावावा तशी धग लागली. घरातली मुलं उशा घेऊन खालच्या हॉलमध्ये झोपायला गेली होती.

नकाशा एकच, आणि दोन्ही गावांत घरची माणसं हैराण. सिमेंट, सळई, गवंड्याचं काम, कशातच खोट नव्हती. चुका झाल्या होत्या त्या पहिली कुदळ पडण्याआधी, कागदावर. त्याच चुका मी वर्षानुवर्षं पाहतो आहे.

गाव न बघता नकाशा पसंत करणं

मे महिन्यात नागपूरचं सरासरी कमाल तापमान ४२-४३ अंश असतं आणि रात्री ते २८च्या आसपास उतरतं. म्हणजे दिवसरात्रीत चौदा-पंधरा अंशांचा फरक, आणि हवा कोरडी. रत्नागिरीत त्याच महिन्यात दिवसा ३२-३३ आणि रात्री २५-२६. आकडा कमी, पण घाम सुकत नाही आणि रात्रही फारशी गार होत नाही. पाऊस नागपूरला वर्षाला अकराशे मिलिमीटरच्या आसपास, रत्नागिरीला तीन हजारांच्या वर.

यावरून घराचं सगळं गणित बदलतं. नागपूरच्या उन्हाळ्यात घर दिवसा बंद ठेवून ऊन बाहेर अडवायचं आणि रात्री सगळं उघडून भिंतींना गार होऊ द्यायचं. कोकणात वारा दिवसरात्र घरातून खेळता राहिला पाहिजे, कारण अंगावरचा घाम सुकवायला दुसरं साधन नाही.

राष्ट्रीय बांधकाम संहितेत देशाचे पाच हवामान विभाग केले आहेत: उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि थंड. २०१८ साली आलेल्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, तर घराच्या चटईक्षेत्राच्या किती टक्के उघडणाऱ्या खिडक्या-दारं हवीत, तेही विभागवार दिलं आहे. उष्ण-दमट भागात किमान १६.६६ टक्के, म्हणजे सहावा हिस्सा. संमिश्र भागात १२.५ आणि उष्ण-कोरड्या भागात १० टक्के. हजार चौरस फुटांच्या घराला कोकणात जवळपास १६७ चौरस फूट उघडणारी जागा लागते आणि कोरड्या भागात शंभरावर भागतं. नकाशा पसंत करण्याआधी प्रत्येक घरमालकाने एवढा एक हिशोब कागदावर मांडावा, असं मला मनापासून वाटतं.

जागा घेतली की तिथे मे महिन्यात दुपारी चार वाजता उभे राहा. जमलं तर जुलैतल्या झडीतही एकदा जा. शेजारच्या जुन्या घराच्या कुठल्या भिंतीवर शेवाळ जास्त आहे ते बघा. पाऊस कुठून मारतो ते ती भिंतच सांगते.

छपराकडे दुर्लक्ष

वर्तमानपत्रात दरवर्षी शून्य सावलीच्या दिवसाची बातमी येते. पुण्यात तो मेच्या मध्याला येतो, नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात. त्या दिवशी भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, म्हणजेच आपल्या स्लॅबवर. ऐन उन्हाळ्यात सगळ्यांत जास्त ऊन छपरावर पडतं, आणि आपण पैसे घालतो ते पुढच्या भिंतीच्या एलेव्हेशनवर, म्हणजे दर्शनी सजावटीवर.

पाच इंची काँक्रीटची स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि संध्याकाळनंतर ते खाली सोडते. उपाय सोपा आहे: ऊन स्लॅबपर्यंत पोचूच द्यायचं नाही. पांढऱ्या चायना मोझॅकचा, म्हणजे फुटक्या चिनीमातीच्या फरशीच्या तुकड्यांचा, थर घाला. ते परवडत नसेल तर दर उन्हाळ्याआधी चुन्याचे दोन हात मारा. धूळ बसून पांढरा रंग मळला की त्याचा उपयोग कमी होतो, म्हणून एप्रिलमध्ये गच्ची एकदा धुऊन काढा. स्लॅबवर पत्र्याची शेड करणार असाल तर चारही बाजू मोकळ्या ठेवा. मी अशा शेड पाहिल्या आहेत ज्या बाजूंनी पत्रे मारून बंद केल्या, आत अडगळ भरली आणि तापलेली हवा तिथेच कोंडून राहिली. पत्रा आणि स्लॅब यांच्या मधून वारा गेला तरच त्या सावलीचा फायदा मिळतो. पत्रा फिक्या रंगाचा घ्या.

घर व्हायचं असेल तर फिलर स्लॅबचाही विचार करा. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट फारसं काम करत नाही, तिथे सळयांच्या जाळीमध्ये मंगलोरी कौलं बसवतात. काँक्रीट वाचतं आणि कौलांच्या जोडीत हवा अडकल्याने उष्णताही कमी उतरते. केरळमध्ये लॉरी बेकर यांनी ही पद्धत शेकडो घरांत वापरली. मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सल्ल्याशिवाय गवंड्याला हे करायला सांगू नका.

चारही बाजूंना एकाच मापाचा छज्जा

ही चूक जवळजवळ प्रत्येक नकाशात सापडते. सगळ्या खिडक्यांवर दोन फुटी छज्जा काढायचा आणि काम संपलं म्हणायचं.

दक्षिणेला तो छान काम करतो. ऑक्टोबरच्या मध्याला नागपूरला दुपारी सूर्य क्षितिजापासून साठ अंशांवर असतो, तेव्हा दोन फुटी छज्जा खाली साडेतीन फूट सावली देतो. डिसेंबरात सूर्य ४५ अंशांपर्यंत उतरतो, सावली दोन फुटांवर येते आणि थंडीत हवंहवंसं ऊन घरात शिरतं.

पश्चिमेला हाच छज्जा निकामी ठरतो. मेमध्ये पावणेपाचच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर आणि बरोबर समोर असतो. दोन फुटी छज्जा तेव्हा फूटभरच सावली देतो. चार फुटी खिडकीचे उरलेले तीन फूट उन्हात, आणि काच ऊन आत घेते पण आतली उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. म्हणून पश्चिमेला खिडकी लहान ठेवा, बाहेरून उभ्या पट्ट्या, जाळी किंवा बांबूची चिक लावा. आतला पडदा डोळ्यांवरचं ऊन थांबवतो, पण तोवर उष्णता काचेतून आत आलेली असते.

जिना, संडास-बाथरूम, कोठी हे पश्चिमेला ढकलता येतं का ते नकाशावर आधी बघा. झोपायची खोली पश्चिमेला गेली तर तापलेली वीटभिंत रात्री दहा-अकरापर्यंत आत धग सोडते, नेमकी अंथरुणावर पडायच्या वेळी.

स्लायडिंग खिडकी अर्धीच उघडते

दोन पल्ल्यांची सहा फुटी स्लायडिंग खिडकी प्रत्यक्षात तीनच फूट उघडते. घरमालक सहा फुटांचे पैसे देतो आणि वारा तीन फुटांचा घेतो. कोरड्या भागात हे एक वेळ चालतं. कोकणात, गोव्यात, मुंबईच्या उपनगरांत ते चालत नाही. बाहेर उघडणाऱ्या झडपांची खिडकी जवळपास पूर्ण मोकळी होते. जागेअभावी स्लायडिंगच लावावी लागली तर तीन ट्रॅकची घ्या आणि चौकटीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने पाणी जायची भोकं आहेत ना, ती सिमेंटने बुजली नाहीत ना, हे चौकट बसवतानाच तपासा. रत्नागिरीच्या त्या घरातली भोकं प्लॅस्टरखाली गेली होती. खिळ्याने टोकरून मोकळी केल्यावर ट्रॅकमधलं पाणी आमच्या डोळ्यांसमोर बाहेर पडलं.

खिडकीच्या समोरच्या बाजूला हवेला बाहेर पडायची वाट हवी. एकाच भिंतीत दोन मोठ्या खिडक्या असण्यापेक्षा समोरासमोर दोन लहान बऱ्या. आतल्या दारांवर झरोके ठेवा, म्हणजे रात्री दार लावलं तरी वारा थांबत नाही.

पाऊस वरूनच येतो असं समजणं

संगमेश्वराकडच्या एका म्हाताऱ्या गवंड्याने मला पहिल्याच कामावर सांगितलं होतं, "भाऊ, हिकडं पाऊस वरून नाय येत, आडवा येतो." कोकणातलं घर बांधायचं तर या एका वाक्यापासून सुरुवात करावी.

अडचण अशी की नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून झड येते, आणि वाराही तिकडूनच येतो. भिंत बंद केली तर घर कोंदट, उघडी ठेवली तर ओलं. कोकणी माणसाने यावर पडवी काढली. उतरतं छप्पर भिंतीच्या पाच-सहा फूट पुढे येतं, पाऊस पडवीतच अडतो आणि वारा माजघरापर्यंत जातो. पावसाळ्याच्या तोंडावर पडवीला झावळ्यांचे झाप बांधले की झडीचाही बंदोबस्त होतो. आजच्या चौकोनी, छज्जा नसलेल्या एलेव्हेशनमध्ये नेमकं हेच कापून टाकलेलं असतं. भिंत चार महिने भिजते, वॉटरप्रूफ रंग दोन पावसाळे टिकतो आणि मग बुरशी. ज्या भिंतीवर पाणी सतत आदळतं, तिचा आजार रंगाने बरा होत नाही. आधी तिच्या डोक्यावर पाच फुटांचं छप्पर काढा.

बाकीच्या चुका थोडक्यात: जोतं दीड-दोन फूट उंच ठेवा, नाहीतर पागोळ्यांचं पाणी उडून भिंतीचा खालचा भाग भिजत राहतो. गच्ची आणि पॅरापेटच्या (कठड्याच्या) सांध्यात नीट गोलाई द्या, गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. समुद्राजवळ सळईवरचं काँक्रीटचं कव्हर पातळ ठेवू नका, खारी हवा सळई गंजवते आणि स्लॅबचे पापुद्रे पडायला लागतात.

बंद खोलीत कूलर

विदर्भ-मराठवाड्यात कूलर हे उत्तम साधन आहे. पण खिडक्या बंद करून तो लावला की तासाभरात खोली चिकचिक करू लागते आणि लोक कूलरला दोष देतात. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो. ती ओली हवा समोरच्या खिडकीतून बाहेर गेली पाहिजे आणि मागून कोरडी हवा आत आली पाहिजे. जुलैत नागपूरची हवाच दमट होते, तेव्हा कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा चालवा. कोकणात कूलर घेऊच नका.

आणि नागपूरकरांनी मेच्या दुपारी "जरा हवा येऊ दे" म्हणून खिडकी उघडली तर ४४ अंशांची हवा आत येते. सकाळी आठला खिडक्या बंद, रात्री नऊनंतर सगळ्या उघड्या, एवढी सवय लावली तरी फरक कळतो.

परंपरेची वरवरची नक्कल

हल्ली स्लॅबला उतार देऊन वर शोभेची कौलं चिकटवतात. त्यात कौलाचा गुणच राहत नाही, कारण कौलारू छप्पर फटींमधून श्वास घेतं आणि गरम हवा वरून निघून जाते. शिवाय मंगलोरी कौल म्हणजे फार प्राचीन गोष्ट नव्हे. १८६५ साली बाझेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने मंगळूरला कारखाना काढला आणि तिथून ती सगळ्या किनारपट्टीवर पसरली. त्याआधी कोकणात नळीची कौलं आणि गवती छपरं होती. आपल्या आजोबा-पणजोबांनी नवी वस्तू घेतली ती पावसाला उपयोगी पडली म्हणून. आपणही साहित्य निवडताना तेवढंच बघावं.

उलट मराठवाड्या-सोलापूरकडची माळवदं, म्हणजे मातीच्या सपाट छपराची घरं बघा. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, लाकडावर पांढऱ्या मातीचा जाड थर, उजेडाला साणं, म्हणजे छतातला झरोका. कोरड्या हवेत हे घर भर दुपारीही गार लागतं. तेच माळवद रत्नागिरीत एका पावसात वाहून जाईल.

घर बांधून झालं असेल तर

नागपूरच्या त्या घरात भिंत पाडायची वेळ आली नाही. गच्चीवर पांढरा मोझॅक झाला, पश्चिमेच्या दोन खिडक्यांना बाहेरून बांबूच्या चिका लागल्या. रत्नागिरीला पश्चिमेच्या भिंतीवर लोखंडी सांगाडा उभारून पाच फुटी कौलारू पडवी काढली. बुरशी आलेलं प्लॅस्टर आधी खरवडून, उन्हाळाभर भिंत सुकू दिली आणि मगच नवा रंग दिला. ही शेवटची पायरी घाईत गाळतात आणि पुढच्याच श्रावणात डाग परत दिसतात. कपाट भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा आणि ओलसर भिंतीला ते लावूच नका.

नागपूरला आणखी एक काम केलं. पश्चिमेला कुंपणाजवळ, घरापासून पंधरा फुटांवर दोन कडुनिंब लावले. कडुनिंबाची पानं उन्हाळ्याच्या तोंडाशी झडतात आणि एप्रिलपर्यंत नवी पालवी दाट होते, म्हणजे ऐन मेमध्ये सावली तयार. रोपं जूनच्या पहिल्या दमदार पावसानंतर लावली आणि पहिले दोन उन्हाळे त्यांना पाणी द्यायचं काम धाकट्या मुलाने अंगावर घेतलं आहे. गेल्या महिन्यात त्याने फोटो पाठवला. झाडं त्याच्या खांद्याला आली आहेत.