नवी बॅटरी बसवली, पण आवळली का? या चुका टाळा

खराब रस्त्यावरून घरी आलं की माझ्या गाडीतलं घड्याळ पुन्हा शून्यावर गेलेलं असायचं. रेडिओवर लावून ठेवलेली स्टेशनंही उडालेली. बॅटरी जेमतेम दोन महिन्यांची होती आणि सेल्फ मारला की गाडी लगेच सुरू व्हायची, त्यामुळे मी दोष घड्याळालाच देत राहिलो. एक दिवस बॉनेट उघडून बॅटरीला सहज हात लावला, तर ती ट्रेमध्ये दोन बोटं मागेपुढे सरकली. तिला दाबून धरणारी पट्टी जागेवर नव्हतीच. प्लस टर्मिनलवरची लाल टोपी एका कडेला घासून फाटली होती आणि बरोबर तिच्या वर, बॉनेटच्या आतल्या पत्र्यावर, टाचणीच्या डोक्याएवढे तीन काळे डाग होते. मोठा खड्डा आला की बॅटरी उडत होती, टर्मिनल पत्र्याला टेकत होतं आणि ठिणगी पडत होती. ते डाग बघून माझे हातपाय गार पडले.

हे इतकं गंभीर का, ते सांगतो. गाडीची साधी लेड-ॲसिड बॅटरी साधारण १० ते २० किलोची असते. आत सहा सेल, प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्टचा. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते ती त्यामुळे. व्होल्टेज कमी म्हणून ती निरुपद्रवी वाटते, पण प्लस आणि गाडीचा पत्रा थेट जोडले गेले तर क्षणात शेकडो अँपिअर करंट वाहतो. पाना लाल होतो, वायरचं आवरण वितळतं. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं की एक ठिणगी पुरते. त्यात अपघाताचा विचार करा. गाडी आदळून थांबताना गुरुत्वाच्या २० पट झटका बसला, तर १५ किलोची मोकळी बॅटरी ३०० किलोच्या जोराने पुढे फेकली जाते.

अपघात रोज होत नाही, हादरे मात्र रोज बसतात. सेलमधल्या प्लेटा म्हणजे शिशाच्या जाळीवर थापलेला लेप. बॅटरी सतत आपटत राहिली की हा लेप सुटतो, बॅटरीची ताकद घटते आणि तळाशी साचलेला गाळ दोन प्लेटांना जोडून सेल शॉर्ट करू शकतो. कधी प्लेटांना जोडणारा आतला सांधाच तडकतो. अशी बॅटरी फसवते. लाइट छान लागतात, मीटर १२.६ दाखवतो आणि सेल्फ मारताच सगळं विझतं. लोक म्हणतात, कंपनीने खराब माल दिला. मला विचाराल तर अशा बॅटरीचं आधी अंग बघावं. खालच्या कडा घासल्या आहेत का, बाजूला ओरखडे आहेत का? असतील तर ती हादऱ्यांनी मेली असण्याची शक्यता मोठी.

जुनी पट्टी जुन्या बॅटरीबरोबर जाऊ देणे

माझ्या बाबतीत हेच झालं. बॅटरी बदलताना पट्टी आणि नट काढून बाजूला ठेवतात, नवी बॅटरी ट्रेमध्ये नीट बसते, टर्मिनल आवळली जातात, गाडी सुरू होते आणि काम झालं असं वाटतं. गाडी ताब्यात घेण्याआधी बॉनेट उघडायला लावा आणि स्वतः बॅटरी हलवून बघा. इंजिन बंद हवं. वायरला नाही, बॅटरीच्या अंगाला दोन्ही बाजूंनी धरून पुढेमागे, डावीउजवीकडे आणि वर जोर द्या. ती गाडीच्या अंगाचाच भाग असल्यासारखी वाटली पाहिजे.

वायरींनी बॅटरी धरली आहे असं समजणे

टर्मिनल घट्ट आहेत म्हणजे बॅटरी घट्ट आहे, हा समज फार पसरलेला आहे. वायरींचं काम करंट नेणं, वजन पेलणं नाही. बॅटरी हलली की प्रत्येक हिसका टर्मिनलच्या बुंध्याला बसतो. तिथलं सील सैल होतं आणि ॲसिड झिरपू लागतं. एकाच टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी पुसून, ग्रीस लावूनही परत परत येत असेल, तर पुन्हा ग्रीस लावण्याआधी बॅटरी हलते का ते बघा.

चालू इंजिनवर टर्मिनल निसटलं तर आणखी मोठं नुकसान होतं. अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा, चार्ज शोषून घ्यायला बॅटरीच उरत नाही, व्होल्टेज एकदम उसळतं आणि गाडीतले नाजूक कंट्रोल युनिट जळू शकतात.

गाडी सेल्फ घेत नसेल आणि दोष बॅटरीचा की जोडणीचा हे कळत नसेल, तर मल्टीमीटरची एक पिन टर्मिनलच्या खुंटावर आणि दुसरी त्यावर बसवलेल्या क्लॅम्पवर ठेवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर जोडणी साफ करून आवळा. तसं नसेल आणि सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन खुंटांमधलं व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल, तर बॅटरी चार्ज करून तपासून घ्या.

‘बसते ना, मग चालेल’

मापाची बॅटरी घ्या. ४६बी२४एल अशा कोडमध्ये बी हे रुंदी-उंचीचं माप, २४ ही सेंटिमीटरमधली लांबी आणि एल म्हणजे टर्मिनलची बाजू. लहान बॅटरी ट्रेमध्ये खेळते. उंच बॅटरीचं टर्मिनल बॉनेटला भिडतं. बाजू उलटी असली की वायर ताणून न्यावी लागते. काही गाड्यांत बॅटरी वरून पट्टीने दाबलेली नसते, तळाच्या कडेवर बसणाऱ्या क्लॅम्पने पकडलेली असते. ती कड नसलेली बॅटरी आणली तर क्लॅम्पला धरायला काहीच मिळत नाही. हे कपाटासारखं नाही की मोकळी जागा उरली तर उरू द्यावी.

दोरी, तार, थर्माकोल

मोकळ्या जागेत थर्माकोल किंवा स्पंज कोंबतात. स्पंज पाणी आणि ॲसिड धरून ठेवतो, ट्रे आतून सडतो. रबरी दोरी गरमीने आणि तेलाने सैल पडते. सगळ्यात वाईट म्हणजे उघडी तार. बॅटरीवरून लोखंडी तार बांधणं म्हणजे शॉर्ट होण्यासाठी हाताने वाट करून देणं. रस्त्यात पट्टी तुटली तर कापडी पट्टा बांधून घर गाठा, ते मला मान्य आहे, पण दुसऱ्या दिवशी मूळ पट्टी लावा.

जोर लावून आवळणे

उलट टोकाची चूकही तेवढीच होते. नट पूर्ण ताकदीने आवळला की पट्टी मधे वाकते आणि बॅटरीच्या प्लॅस्टिकला केसाएवढी चीर जाते. ॲसिड त्यातून हळूहळू पाझरतं. दोन्ही बाजूंचे नट आलटून पालटून फिरवा, आधी हाताने टेकवा, मग पान्याने थोडं आवळा. बॅटरी हलायची थांबली की तिथेच थांबा. आटे गेलेला बोल्ट असेल तर जोर लावून निभावू नका, नवा घाला. टर्मिनलचा क्लॅम्प हातोडीने ठोकून बसवणंही टाळा, तो सैल करून दाबून बसवा.

गंजलेल्या ट्रेवरच नवी बॅटरी

ट्रे कुजला असेल तर पट्टी कितीही घट्ट असली तरी उपयोग नाही, पट्टीसकट सगळंच हलतं. बॅटरी बाहेर काढाल तेव्हा ट्रे हाताने चाचपा. खडे असतील तर काढा, तळाला एक टोकदार खडा सतत टोचत राहिला तर तो प्लॅस्टिक फोडतो. पांढरी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. फेस येणं थांबेपर्यंत पाणी घाला. बॅटरी जागेवर ठेवूनच धुणार असाल तर सोड्याचं पाणी सेलमध्ये जाणार नाही याची आधी खात्री करा. हातमोजे आणि चष्मा हवाच.

काढण्या-लावण्याचा क्रम

हा क्रम पाठच करा. काढताना आधी मायनस, मग प्लस, शेवटी पट्टी. लावताना आधी पट्टी, मग प्लस, शेवटी मायनस. मायनस जोडलेला असताना प्लसवर फिरणारा पाना पत्र्याला टेकला तर सरळ शॉर्ट. पट्टीचा नट आवळतानाही हीच भीती, कारण पट्टी लोखंडी असते आणि पत्र्याशी जोडलेली असते. अंगठी आणि धातूचं घड्याळ काढून ठेवा.

सीटखाली किंवा डिकीत बॅटरी असेल तर तिची वायू बाहेर नेणारी नळी परत जोडली का, तेही बघा. ती सुटली तर वायू थेट गाडीच्या आत साठतो.

बॅटरीचं अंग फुगलेलं किंवा चिरलेलं दिसलं तर ती चार्जवर लावू नका, सेल्फही मारू नका. ॲसिड कातडीवर पडलं तर भरपूर वाहत्या पाण्याखाली धरा. डोळ्यात गेलं तर निदान १५ मिनिटं पाणी सोडत राहा आणि लगेच डॉक्टरकडे जा.

माझ्या गाडीला मी दोन सळया, पट्टी आणि नट असा पूर्ण संच नवा घातला. दहा दिवसांनी पुन्हा पाना लावला तर एक नट अर्धा फेरा फिरला, कारण पट्टी तेवढ्यात जरा बसली होती. तेव्हापासून टायरची हवा बघायच्या दिवशी बॅटरीलाही एकदा हाताने हलवून बघतो. घड्याळ अजून एकदाही शून्यावर गेलेलं नाही.