शोरूम दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर नवी मोटरसायकल कशी घ्यावी

शंभर-सव्वाशे सीसीच्या रोजच्या गाड्या आता बहुतेक तालुक्यांच्या गावी मिळतात. अडचण येते ती एखादं वेगळं मॉडेल मनात भरलं की. मग सावंतवाडीच्या माणसाला कोल्हापूर नाहीतर गोवा गाठावा लागतो; सिरोंच्याहून नागपूर तर साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे पडतं. गावातल्या शोरूमने आरसा ढिला बसवला तर संध्याकाळी चक्कर मारून घट्ट करून आणता येतो. इथे त्याच आरशापायी अख्खा दिवस मोडतो. म्हणून दूरच्या खरेदीत गाडी हातात आल्यावर करायची बरीचशी कामं पैसे भरण्याआधीच उरकावी लागतात.

आधी सर्व्हिस सेंटर शोधा

शोरूममध्ये तुम्ही एकदा-दोनदा जाल, सर्व्हिसला पुढची दहा वर्षं. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर घराजवळचं सर्व्हिस सेंटर शोधा आणि तिथे स्वतः फोन करा. दोन गोष्टी विचारा: हेच मॉडेल तुमच्याकडे येतं का, आणि क्लच प्लेट, ब्रेक पॅड, क्लच केबल हे सामान तुम्ही ठेवता की मागवावं लागतं? ‘मागवतो, आठ-पंधरा दिवस लागतील’ असं उत्तर आलं आणि गाडी रोजच्या कामासाठी हवी असेल, तर मॉडेलचा पुन्हा विचार केलेला बरा. मोफत सर्व्हिस जिथून गाडी घेतली तिथेच करावी लागते हा गैरसमज आहे. त्याच कंपनीच्या कुठल्याही अधिकृत सेंटरवर ती होते.

तालुक्याच्या गावी कंपनीची पाटी लावलेलं दुकान दिसलं तर ते मुख्य डीलरचं आहे की सब-डीलरचं, हे विचारून घ्या. सब-डीलर गाडी दाखवतो, पण बिल मुख्य डीलरच्या नावाने निघतं. यात वाईट काही नाही, उलट फेरी वाचते. फक्त पैसे बिलावर ज्या फर्मचं नाव आहे तिच्याच खात्यात भरा आणि गाडी इथवर आणण्याचा खर्च किमतीत कुठे घातला आहे ते पाहा.

कोटेशन ओळीओळीने वाचा

किमान दोन शोरूमकडून लेखी कोटेशन मागवा. ‘ऑन-रोड एवढे’ असा सगळं धरून सांगितलेला नुसता आकडा घेऊ नका. एक्स-शोरूम किंमत (रस्ता कर, नोंदणी, विमा जोडण्याआधीची), रस्ता कर, नोंदणी, विमा आणि ॲक्सेसरीज अशा वेगळ्या ओळी हव्यात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवर १८ टक्के आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. तो एक्स-शोरूम किमतीतच धरलेला असतो, त्यामुळे इंटरनेटवरच्या त्याआधीच्या किमती आता उपयोगाच्या नाहीत. महाराष्ट्रात दुचाकीचा एकरकमी रस्ता कर ९९ सीसीपर्यंत १० टक्के, २९९ सीसीपर्यंत ११ टक्के आणि त्यावर १२ टक्के. म्हणजे लाखाच्या १२५ सीसी गाडीला सुमारे ११ हजार. बाकी सरकारी फी किरकोळ आहे: नोंदणी ३०० रुपये, कर्जाचा बोजा चढवायचा असेल तर ५००, स्मार्ट कार्डाचे २०० आणि टपालखर्च. ‘आरटीओ खर्च’ म्हणून करावर आणखी तीन-चार हजार लावलेले दिसले तर ते कशाचे, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ‘हँडलिंग चार्जेस’चंही तेच. बहुतेक ठिकाणी नुसतं विचारल्यावर ही ओळ गळते.

ॲक्सेसरीजमध्ये साडी गार्ड आणि मागच्याला धरायचा हँडल यांचे पैसे लावलेले असतील तर हरकत घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाप्रमाणे या गोष्टी गाडीसोबतच असायला हव्यात. दुचाकीबरोबर आयएसआय हेल्मेट देणंही नियमातच आहे. लेगगार्ड, सीट कव्हर, टाकीचं कव्हर मात्र तुमची निवड. ते गावात स्वस्त मिळतं.

विमा शोरूममधूनच घ्या असा आग्रह होईल, पण तशी सक्ती नाही. नव्या दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा) बंधनकारक आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं. जून २०२२ च्या दरपत्रकात तो ७५ ते १५० सीसीला ३,८५१ आणि १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये होता, वर जीएसटी. म्हणजे घासाघीस करायची ती गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागावर आणि ‘झिरो डेप’ (दावा करताना भागांच्या जुनेपणाची रक्कम न कापणं) अशा जोडण्यांवर. बाहेरून एक भाव काढून शोरूमला दाखवला की फरक लगेच पडतो. १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण तुमच्याकडे आधीच असेल तर ते पुन्हा घ्यायची गरज नाही, तसं लिहून द्यावं लागतं.

पासिंग कुठलं, हे बुकिंगच्या दिवशीच ठरवा

२०१९ च्या कायदा दुरुस्तीनंतर राज्यातल्या कुठल्याही आरटीओत गाडीची नोंदणी करता येते. शोरूम त्याच राज्यात असेल तर अर्ज डीलरनेच करायचा असतो आणि नंबर प्लेट लागल्याशिवाय त्याने गाडी ताब्यात द्यायची नसते. त्यामुळे सावंतवाडीच्या माणसाने कोल्हापुरात घेतलेल्या गाडीला सिंधुदुर्गाचा एमएच ०७ मिळू शकतो. पण डीलरला कोल्हापूरचा एमएच ०९ सोयीचा असतो आणि तुम्ही काही बोलला नाहीत तर तोच लागतो. नुकसान फारसं नाही. पुढे पत्ता बदलणं, बोजा उतरवणं ही कामं मात्र ज्या आरटीओची नोंदणी त्याच्याशी निगडित राहतात. नंबर कुठलाही घ्या, आरसीवर पत्ता स्वतःच्या गावाचाच टाका. स्मार्ट कार्ड टपालाने त्याच पत्त्यावर येतं. भाच्याच्या खोलीचा पत्ता दिलात तर तो खोली बदलल्यावर कार्ड परत जाईल.

अर्ज भरताना मोबाइल नंबर तुमचाच घातला आहे ना, हे पाहाच. घाईत एजंट स्वतःचा नंबर टाकून मोकळा होतो. मग गाडी विकताना किंवा बोजा उतरवताना ओटीपी भलत्याच फोनवर जातो आणि नंबर बदलण्यासाठी वेगळा अर्ज करत बसावं लागतं.

शोरूम परराज्यात असेल तर प्रकरण लांबतं. सिंधुदुर्गातल्या माणसाने गोव्यात किंवा चंदगडच्या माणसाने बेळगावात गाडी घेतली, तर तिथे तात्पुरती नोंदणी होते, पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांचा नंबर मिळतो आणि त्याची मुदत संपण्याच्या आत आपल्या आरटीओत कर भरून कायमची नोंदणी करावी लागते. ही धावपळ तुमची. डीलर ती करत नाही. ओळखीच्याच्या पत्त्यावर तिकडचाच नंबर घेण्याचा सल्लाही मिळेल. पण गाडी वर्षाहून जास्त काळ महाराष्ट्रात राहिली की इथे नव्याने नोंदणी आणि कर चुकत नाही. किमतीत घसघशीत फरक असल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

गाडी पासिंगआधी पाहायची, नंतर नाही

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. एकदा चेसिस नंबर तुमच्या नावावर चढला की टाकीवर पोचा असो की सायलेन्सरला गंज, ती गाडी तुमची झाली. बदलून मिळत नाही. दूर राहणाऱ्याला दोन फेऱ्या परवडत नसतील तर त्या शहरात शिकणारा पुतण्या, मित्र, कुणालातरी पाठवा. तेही जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर पाहा, मात्र गाडी उन्हात उभी करून, ट्यूबलाइटखाली नव्हे. रंगातली खोट आणि बारीक चरे ट्यूबलाइटच्या उजेडात दिसत नाहीत.

सुरुवात चेसिस नंबरपासून. तो सहसा हँडलच्या खाली, फ्रेमच्या मानेवर कोरलेला असतो. त्याचा फोटो मागवा आणि बिल, विमा, विक्री प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २१ या सगळ्यांवर तोच आहे का ते अक्षर-अक्षर जुळवा. फॉर्म २१ वर निर्मितीचा महिना आणि वर्षही असतं. जानेवारीत ‘नवीन’ म्हणून आलेली गाडी मागच्या वर्षाची असेल, तर पुढे विकताना एक वर्ष जुनी धरली जाते. तेवढी सूट आताच मागा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, ३२२५ म्हणजे २०२५ चा ३२ वा आठवडा. टायर गाडीच्या निर्मितीपेक्षा दोन-तीन महिने आधीचा असणं स्वाभाविक आहे, वर्षभर जुना असेल तर विचारा.

मीटरवर दोन-चार किलोमीटर चालतात. तीस-चाळीस दिसले तर ती गाडी टेस्ट राइडला फिरलेली असू शकते. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळीवर तेलाची रेघ, चेनवर तांबूस थर, स्पोकच्या मुळाशी गंज, इंजिनाच्या जोडांवर ओलसरपणा, या खुणा आवारात पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या. ब्रेकच्या डिस्कवरचा पातळ गंज मात्र पहिल्या चार ब्रेकमध्ये जातो, त्यावरून भांडू नका. शेवटी सेल्फ मारायला सांगा आणि इंडिकेटर, हॉर्न, दोन्ही ब्रेकवर मागचा दिवा लागतो का ते पाहा.

पसंत पडली की त्या चेसिस नंबरची गाडी तुमच्यासाठी राखून ठेवल्याचा मेसेज किंवा ईमेल घ्या. नाहीतर पाहिलेली गाडी दुसऱ्याच्या घरी आणि दुसरीच तुमच्या दारात, असं होतं.

पैसे आणि कर्ज

बुकिंगला दोन-पाच हजार पुरेत, आणि ते परत मिळतील की नाही हे पावतीवर लिहून घ्या. उरलेली रक्कम आरटीजीएस किंवा धनादेशाने फर्मच्या खात्यात भरा, सेल्समनच्या वैयक्तिक क्यूआर कोडवर नाही. कंपनीच्या नावाने ‘घरपोच गाडी, आधी पूर्ण पैसे’ असे फोन येतात. डीलरचं नाव कंपनीच्या संकेतस्थळावर तपासा आणि तिथे दिलेल्या नंबरवर आपण होऊन फोन करा.

कर्ज गावच्या बँकेतून काढणार असाल तर बँकेला डीलरचं कोटेशन लागतं आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या डीलरला डीडी किंवा थेट रक्कम द्यायला काही शाखा वेळ लावतात. शाखाधिकाऱ्याशी आधी बोला. बोजा कुठल्या शाखेच्या नावाने चढणार, ते नाव आरसीवर आणि विम्यावर सारखंच हवं.

प्लेट लागल्याचा फोटो आल्यावरच निघा

‘या तुम्ही, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल’ यावर निघू नका. नंबर पडल्यावर हाय सिक्युरिटी प्लेट बनून यायला वेळ जातो. दोन्ही प्लेट बसवलेल्या गाडीचा फोटो आणि विम्याची प्रत फोनवर आली की मगच एसटी पकडा. विमा सुरू होण्याची तारीख आणि तास वाचा.

शोरूममध्ये सकाळीच पोचा. बिल, फॉर्म २१, रस्त्यावर चालवण्यायोग्यतेचा फॉर्म २२, कराची पावती, सर्व्हिस बुक, बॅटरीचं वॉरंटी कार्ड, टूलकिट आणि दोन्ही किल्ल्या मोजून घ्या. दुसरी किल्ली ‘कुरिअरने पाठवतो’ म्हणतील. ती घेतल्याशिवाय हलू नका. पीयूसी पहिलं वर्षभर लागत नाही.

मग बाहेर येऊन हवा तपासा. शोरूममध्ये हवा बऱ्याचदा जास्त भरलेली असते आणि नवे टायर आधीच गुळगुळीत असतात. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांत एकट्यासाठी पुढे साधारण २५ आणि मागे २८ पीएसआय. नेमका आकडा चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर असतो. टाकीत लिटर-दीड लिटरच पेट्रोल असतं, पहिला पंप कुठे आहे ते विचारून घ्या.

घरी आणताना

दीडशे-दोनशे किलोमीटर असेल तर चालवत आणणं उत्तम, इंजिनालाही मानवतं. फक्त महामार्गावर तासन् तास एकाच वेगाने नेऊ नका. वेग थोडा वर-खाली ठेवा, पूर्ण थ्रॉटल देऊ नका, चढाला इंजिन कण्हायला लागण्याआधी गिअर उतरवा. मॅन्युअलमध्ये सुरुवातीच्या किलोमीटरांसाठी दिलेली मर्यादा पाळा. दर चाळीस-पन्नास किलोमीटरला दहा मिनिटं थांबा; तेवढ्यात आरसे, नंबर प्लेटचे स्क्रू आणि चेन हाताने चाचपून पाहा. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर टायर घसरतात आणि ब्रेक बसलेले नसतात, म्हणून पावसाळ्यात आंबोली किंवा करूळ घाट नव्या गाडीवर पहिल्याच दिवशी उतरू नये. डबलसीट आणि सामान त्या दिवशी टाळा.

अंतर याहून मोठं असेल तर छोटा हत्ती किंवा पिकअप ठरवा. पुढचं चाक केबिनच्या फळीला टेकवा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, साइड स्टँडवर बांधू नका. पट्टे हँडलच्या टोकांना न बांधता खालच्या फोर्क क्लॅम्पवरून (पुढचे दोन्ही शॉकअप जोडणाऱ्या पट्टीवरून) घ्या आणि शॉकअप निम्मा दबेल इतकेच ओढा. पूर्ण दाबला तर खड्ड्यांत ऑइल सील जातं. सुंभाचा दोर रंग खातो, खाली गोणपाट घाला. रेल्वे पार्सलने पाठवायची तर टाकी पूर्ण रिकामी लागते, आणि पॅकिंगवाल्याला आरसे काढून वेगळे द्यायला सांगा. सर्वंकष विमा पॉलिसीत गाडी रस्त्याने किंवा रेल्वेने नेतानाचं नुकसान सहसा धरलेलं असतं, म्हणून उतरवताना ओरखडा दिसला तर पावतीवर सही करण्याआधी फोटो काढा.

पहिली सर्व्हिस बहुतेक कंपन्यांची ५०० ते ७५० किलोमीटर किंवा महिनाभर, यात जे आधी येईल तेव्हा. नेमका आकडा सर्व्हिस बुकात असतो. गाडी साडेतीनशे किलोमीटर चालवत आणली असेल तर ती वेळ घरी पोचल्यावर आठवड्यातच येते. म्हणून जवळच्या सेंटरची तारीख निघण्याआधीच घेऊन ठेवा. त्या सर्व्हिसमध्ये ऑइल आणि फिल्टर बदलून घ्या, चेनचा ताण जुळवून घ्या, आणि कूपनवर शिक्का व किलोमीटर लिहिल्याशिवाय सेंटर सोडू नका. पुढे वॉरंटीचा वाद झाला तर डीलर पहिल्यांदा हेच पान मागतो.